आधी औषध, मग शस्त्रक्रिया : एका बातमीचे परीक्षण

चूक आमचीच होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

२०२२ च्या जून महिन्यात, शाळा नुकती सुरू झाली असताना, भिवंडीतील आमच्या शाळेच्या विज्ञान फलकावर आम्ही वृत्तपत्राचे एक कात्रण लावले. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात नव्या औषधाने गुदाशयाचा कर्करोग सर्वच्या सर्व रुग्णांत नाहीसा झाला आणि कोणावरही शस्त्रक्रिया करावी लागली नाही, असा त्या बातमीचा आशय होता. मथळा ठळक होता. मुले थांबून वाचत होती, म्हणून आम्ही खूश होतो.

चार दिवसांनी नववीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे गृहस्थ. मुलीने कात्रण वहीत उतरवून घरी नेले होते. ते म्हणाले, "सर, मुंबईच्या डॉक्टरांनी मला आधी औषध, मग शेक आणि मग ऑपरेशन सांगितलंय. पोटाला पिशवी लावावी लागेल म्हणाले. तुमच्या बोर्डावर तर लिहिलंय, आता कापायची गरजच नाही. मग थोडं थांबू का?"

आम्ही 'थांबा' म्हटले नाही. पण 'थांबू नका' असेही ठामपणे म्हटले नाही, कारण कात्रणापलीकडे आम्हालाच काही माहीत नव्हते. ते दोन महिने थांबले.

त्या दोन महिन्यांचे ओझे मनावर असल्यामुळे आम्ही पुढे ती बातमी, तिच्यामागचे मूळ संशोधन आणि या रोगाच्या उपचारांचा इतिहास मिळेल तसा वाचून काढला. आज त्या बातमीचे परीक्षण करीत आहोत. बातमी खोटी नव्हती. खोटी असती तर काम सोपे होते. ती खरी होती, पण अपुरी होती; आणि रोग्याच्या हातात पडल्यावर अपुरे सत्यही घात करू शकते.

रोग कोठे होतो?

मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. तो कटीच्या हाडांच्या अरुंद पेल्यात बसलेला असतो. पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय. बाजूंना लघवीवर आणि लैंगिक क्रियेवर ताबा ठेवणाऱ्या नाजूक नसा. आणि खाली गुदद्वाराचा स्नायू. पोटातील इतर आतड्याची गाठ काढताना शल्यविशारदाला आजूबाजूचा बराच भाग सोबत काढता येतो. येथे तशी जागाच नाही. म्हणून पूर्वी गाठ काढली तरी तिचे अवशेष मागे राहत आणि त्याच ठिकाणी रोग पुन्हा डोके वर काढी.

रोग गुदाशयाची भिंत ओलांडून भोवतीच्या चरबीत किंवा लसिकाग्रंथींत पोहोचला, पण यकृत-फुप्फुसांपर्यंत गेल्याचे दिसत नाही, अशा अवस्थेला डॉक्टर 'स्थानिक पातळीवर पुढे गेलेला' रोग म्हणतात. आमच्या लेखाचा विषय ही अवस्था आहे. ती बातमीही याच अवस्थेच्या रुग्णांविषयी होती. एवढे साम्य पुरेसे आहे असे आम्ही समजलो, ते चुकले.

पहिला प्रश्न : कोणाला?

बातमीतील औषधाचे नाव दोस्तारलिमॅब. ते कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाही. आपल्या रोगप्रतिकारक पेशींवर एक 'ब्रेक' असतो. कर्करोग त्या ब्रेकचा गैरफायदा घेतो. हे औषध तो ब्रेक सोडवते. पण ब्रेक सुटल्यावरही प्रतिकारक पेशींना शत्रू ओळखता आला पाहिजे, आणि येथेच खरी अट आहे.

भिवंडीच्या मुलांना ती अट समजावणे सोपे आहे. मागावर कापड विणले जात असताना धागा तुटतो. कामगार लक्ष ठेवून असतो. तो माग थांबवून गाठ मारतो. कामगार जागेवर नसेल तर माग चालूच राहील आणि कापडात दोषांवर दोष साचतील. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हाही अशा चुका होतात. त्या शोधून दुरुस्त करणारी काही प्रथिने पेशीत असतात. काही गाठींमध्ये ही दुरुस्तीची यंत्रणाच बिघडलेली असते. तेथे चुका इतक्या साचतात की त्या पेशींची प्रथिने शरीराला परकी वाटू लागतात. इतके दोष असलेले कापड तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही. ब्रेक सुटला की प्रतिकारक पेशी अशा गाठीवर तुटून पडतात.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील अभ्यासात केवळ अशाच, दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठींचे रुग्ण घेतले होते. गुदाशयाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात अशा गाठी शंभरात सुमारे ५ ते १० असतात. बाकीच्या नव्वदांहून अधिक रुग्णांसाठी ती बातमी नव्हतीच. मूळ शोधनिबंधात ही अट अगदी वरच लिहिली होती. आमच्या कात्रणात ती एका वाक्यापुरतीही नव्हती.

दुसरा प्रश्न : किती जणांना?

शोधनिबंधात उपचार पूर्ण झालेल्या १२ रुग्णांची माहिती होती. बाराच्या बाराही जणांत गाठ दिसेनाशी झाली. वर्तमानपत्रांत १८ हा आकडाही फिरला. बारा घ्या नाहीतर अठरा. शंभर टक्के यश म्हणजे नेमके काय, हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे.

एका पिशवीत आठ पांढरे आणि दोन काळे मणी टाका. न पाहता एक मणी काढायचा, रंग नोंदवायचा, मणी परत टाकायचा. असे बारा वेळा. खरे यश ८० टक्केच असलेल्या औषधाचे हे चित्र आहे. तरीही बाराही वेळा पांढराच मणी येण्याची शक्यता ०.८ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ७ टक्के आहे. साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार मुलांच्या वहीत 'शंभर टक्के यश' नोंदले जाईल! बारा रुग्णांवरून औषध आशादायक आहे एवढे नक्की कळते. ते कधीच चुकत नाही, असे म्हणता येत नाही. शोधनिबंधासोबत छापलेल्या संपादकीयानेही अशीच सावधगिरी सुचवली होती.

येथे आम्हाला दुसऱ्या बाजूनेही प्रामाणिक राहिले पाहिजे. २०२५ मध्ये त्याच गटाने पुढची माहिती प्रसिद्ध केली. अशाच गाठींच्या, उपचार पूर्ण केलेल्या ४९ रुग्णांत ४९ जणांची गाठ दिसेनाशी झाली होती. पिशवीतून ४९ वेळा सलग पांढरा मणी येण्याची शक्यता लाखात दोनदाही नाही. म्हणजे ज्यांना हे औषध लागू पडते त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. संशय घ्यायला शिकवताना पुरावा वाढल्यावर संशय कमी करायलाही आपण शिकवले पाहिजे.

किंमतीचा प्रश्न मात्र उरतोच. २०२२ मध्ये अमेरिकेत एका मात्रेची किंमत सुमारे ११ हजार डॉलर होती, आणि सहा महिन्यांत दर तीन आठवड्यांनी मात्रा द्यावी लागत होती. आमच्या कात्रणात हा आकडाही नव्हता.

तिसरा प्रश्न : कशाच्या तुलनेत?

बातमी वाचून असे वाटत होते की यापूर्वी या रोगाला नुसती कापाकापी होती आणि आता एकदम उजेड पडला. प्रत्यक्षात गेली शंभर-सव्वाशे वर्षे येथे संथपणे, एकेक पायरी चढत काम झाले आहे. त्या पायऱ्यांची बातमी क्वचितच होते.

१९०८ मध्ये इंग्लंडमधील अर्नेस्ट माइल्स यांनी पोटाच्या आणि गुदद्वाराच्या अशा दोन्ही बाजूंनी जाऊन संपूर्ण गुदाशय काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. रुग्ण वाचू लागले, पण पोटाला कायमची पिशवी आली. १९८२ मध्ये बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी दाखवले की गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन न फाडता, नैसर्गिक थरातून, जसेच्या तसे काढले तर रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण खूप घटते. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ कोणत्या थरातून कापावे याचे ज्ञान.

मग प्रश्न आला क्रमाचा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी पाच दिवस किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला लोक 'शेक' म्हणतात ते, दिल्यावर रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. २००४ मध्ये जर्मनीच्या अभ्यासाने तेच उपचार शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर देऊन तुलना केली : आधी दिल्यास ६ टक्के, नंतर दिल्यास १३ टक्के. उपचारांची सामग्री जवळपास तीच. फक्त क्रम बदलला आणि स्थानिक पुनरुद्भव निम्म्यावर आला. एकूण आयुर्मान मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले, कारण रोगी आता दगावत होते ते मुख्यतः यकृतात आणि फुप्फुसांत उगवणाऱ्या रोगाने.

म्हणून पुढची पायरी : सर्व शरीरात पोहोचणारे औषध, म्हणजे केमोथेरपी, शस्त्रक्रियेच्या आधीच द्यायची. यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीचा रक्तपुरवठा शाबूत असतो, त्यामुळे औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचते. दूर कोठे डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी रुजल्या असतील तर त्यांच्यावर काही महिने लवकर मारा होतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर थकलेले अनेक रुग्ण पुढची औषधे पूर्ण घेऊच शकत नाहीत. आधी दिली तर बहुतेक जण घेतात. आणि गाठ औषधाला दाद देते की नाही हे उघड दिसते. तोटाही आहे : ती दाद देत नसेल तर वेळ वाया जातो. म्हणून मधल्या तपासणीला या उपचारात फार महत्त्व.

'अधिक चांगले' नव्हे, 'वाईट नाही'

या मालिकेतील आम्हाला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला अभ्यास २०२३ च्या जूनमध्ये, म्हणजे आमच्या कात्रणानंतर बरोबर वर्षाने प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'प्रॉस्पेक्ट'. प्रमुख संशोधक डेबोरा श्रॅग. प्रश्न साधा होता : शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिली आणि गाठ चांगली आकसली, तर किरणोपचार वगळता येतील का?

उपचार सुरू केलेले १,१२८ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटलेले होते. एका गटाला नेहमीचे किरणोपचार व सोबत औषध. दुसऱ्या गटाला 'फॉल्फॉक्स' या नावाने ओळखली जाणारी, मुख्यतः फ्लुरोयुरॅसिल आणि ऑक्सॅलिप्लॅटिन यांवर आधारलेली केमोथेरपी, सहा फेऱ्या. ज्यांची गाठ २० टक्केही आकसली नाही त्यांनाच किरणोपचार. सुमारे ९ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी ते द्यावे लागले. नंतर दोन्ही गटांची शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी रोगमुक्त जिवंत असण्याचे प्रमाण केमोथेरपी गटात ८०.८ टक्के, किरणोपचार गटात ७८.६ टक्के.

येथे विद्यार्थ्याने विचारले, की मग केमोथेरपी २.२ टक्क्यांनी श्रेष्ठ ठरली ना, तर उत्तर 'नाही' असे आहे. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पण अभ्यासाने 'श्रेष्ठ आहे का' असे विचारलेच नव्हते. 'आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाईट तर नाही ना' एवढेच विचारले होते. आपल्या पाठ्यपुस्तकी कल्पनेत विज्ञान नेहमी काहीतरी जास्तीचे शोधते. येथे विज्ञान काय वजा करता येईल ते शोधत होते. चीनमधील एका लहान अभ्यासाचा २०१९ चा निष्कर्षही याच दिशेचा होता.

वजा करण्याचे मोल रुग्णाला कळते. कटीभागावर किरणोपचार दिले की तरुण स्त्रीचे बीजकोश निकामी होऊन पाळी कायमची थांबू शकते. शौचावरचा ताबा आणि लैंगिक क्रिया बिघडू शकतात. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. ऑक्सॅलिप्लॅटिनने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, थंड वस्तू सोसत नाही आणि काहींच्या बोटांचा बधिरपणा दीर्घकाळ राहतो. ज्याची भाकरी तुटलेल्या धाग्याला चिमटीत धरून गाठ मारण्यावर आहे, त्या माणसासाठी ही तळटीप नाही. म्हणून आमचा चौथा प्रश्न : कशाच्या मोबदल्यात? त्याचे उत्तर शिक्षिका, कामगार आणि निवृत्त कारकून यांच्यासाठी वेगवेगळे असू शकते, आणि ते त्यांना विचारूनच ठरले पाहिजे.

पण हेही जसेच्या तसे उचलू नये

प्रॉस्पेक्टचे कौतुक करताना आम्ही पहिलीच चूक पुन्हा करू शकतो. पहिला प्रश्न येथेही विचारला पाहिजे : कोणाला? या अभ्यासात ज्यांचा गुदद्वाराचा स्नायू वाचवता येईल असेच रुग्ण होते. शेजारच्या अवयवात घुसलेल्या किंवा अगदी खालच्या गाठी त्यात नव्हत्या.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. तेथे २०१३-१४ मध्ये वर्षभरात आलेल्या मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला आहे. रुग्णांचे सरासरी वय अवघे ४७ होते. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठीपुढचा आजार मानला जातो. गुदाशयाचे रुग्ण सर्वांत जास्त होते, आणि अनेक जण महिनोन्महिने त्रास अंगावर काढून आलेले होते. अशा पुढच्या गाठींना बहुधा किरणोपचार आणि केमोथेरपी दोन्ही लागतात. त्यांचाही क्रम सतत तपासला जात आहे. 'रॅपिडो' या युरोपीय अभ्यासाने २०२१ मध्ये सांगितले की थोड्या दिवसांचे किरणोपचार, मग केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया या क्रमाने उपचार फसण्याचे प्रमाण ३०.४ वरून २३.७ टक्क्यांवर येते. पण २०२३ मध्ये त्याच संशोधकांनी पाच वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण या नव्या क्रमात १० टक्के आणि जुन्यात ६ टक्के निघाले. आपल्याच निष्कर्षाला लागलेली ही ठिगळे त्यांनी स्वतः छापली. पाचवा प्रश्न यातून मिळतो : किती काळानंतर पाहिले?

भिंतीवरची जाहिरात

आता आमच्या गावाकडे वळू. येथील भिंतींवर, एसटीच्या थांब्यांजवळ 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन इलाज' अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात. शौचावाटे रक्त जाणे हे गुदाशयाच्या कर्करोगाचे नेहमीचे लक्षण, आणि मूळव्याधीचेही. बहुतेकांना मूळव्याधच असते, हेही खरे. पण ती मूळव्याधच आहे हे भिंत सांगू शकत नाही. खालच्या बऱ्याच गाठी डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. त्या तपासणीला ना यंत्र लागते ना फारसा खर्च. लागते ते लाज बाजूला ठेवणे. रक्त जाणे थांबत नसेल, शौचाची सवय बदलली असेल, कारण नसताना वजन आणि रक्त घटत असेल, तर ही तपासणी आणि पुढे दुर्बिणीची तपासणी मागून घ्यावी. वय कमी आहे म्हणून सोडू नये.

उपचाराचा खर्च परवडणार नाही म्हणून घरी बसलेल्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांचे नाव असलेल्या राज्य शासनाच्या योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. आमच्या कात्रणाला तीन स्तंभ जागा मिळाली होती. या दोन परिच्छेदांतील मजकुराला तेवढी जागा मिळालेली आम्ही पाहिलेली नाही. बातमीदारीवरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

फलकावर आता काय आहे

त्या गृहस्थांच्या गाठीचा तुकडा पुढे तपासला गेला. दुरुस्तीची सर्व प्रथिने जागच्या जागी होती. म्हणजे ते औषध त्यांच्यासाठी नव्हते. दोन महिन्यांत गाठ वाढली होती. त्या वाढीने किती नुकसान केले हे कोणी मोजून सांगू शकत नाही, आणि आम्हीही स्वतःला दिलासा देण्यासाठी ते कमी लेखणार नाही. त्यांनी शेक घेतला, केमोथेरपी घेतली, मग शस्त्रक्रिया झाली. पिशवी आली. बोटे अजून थोडी बधिर आहेत; मागावर न जाता ते आता कापड मोजण्याचे काम करतात. मुलगी बारावी झाली.

विज्ञान फलकावर आम्ही आजही कात्रणे लावतो. प्रत्येक कात्रणाखाली मात्र एक कोरा कागद असतो आणि त्यावर पाच प्रश्न : कोणाला? किती जणांना? कशाच्या तुलनेत? कशाच्या मोबदल्यात? किती काळानंतर? उत्तरे मुलांनी शोधून लिहायची. ज्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल तेथे 'बातमीत नाही' असे लिहायचे. बहुतेक कागदांवर हे दोन शब्द निदान तीनदा असतात. ते लिहायला शिकलेले मूल उद्या आपल्या वडिलांना 'थांबू नका' असे वेळेवर सांगू शकेल, एवढी आमची अपेक्षा आहे.